मायेचे नाते आणि मेंदूची घडण



तान्ह्या मुलाला काय कळते, असे घरोघरी सहज म्हटले जाते. पोट भरलेले आहे, अंग कोरडे आहे. मग त्याला आणखी काय हवे? या प्रश्नाचे उत्तर रुमानिया देशातील मुलांनी फार मोठी किंमत मोजून जगाला दिले आहे.

१९६६ मध्ये तेथील चाउशेस्कू राजवटीने लोकसंख्या वाढविण्यासाठी गर्भपातावर बंदी घातली. पोसता न येणारी मुले सरकारी बालगृहांत जमा होत गेली. त्यांतील अनेकांचे आईवडील हयात होते. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली, तेव्हा अशा मुलांची संख्या लाखाच्या वर होती. तेथे दूध मिळे, अंथरूण मिळे. परंतु एका सेविकेकडे अनेक मुले, आणि पाळी संपली की सेविका बदले. हाकेला कोणी धावत नाही हे उमगले की मूल रडणेच सोडून देई.

पुढे चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकन संशोधकांनी २००० च्या सुमारास बुखारेस्टमधील सहा संस्थांतील १३६ बालके अभ्यासासाठी घेतली. वय ६ ते ३१ महिने. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी होऊन ६८ मुलांना पालक-कुटुंबे मिळाली आणि ६८ संस्थेतच राहिली. उरलेल्यांचा काय अपराध, हा प्रश्न मनात येतो, आणि तो यावाच. पुढे कोणाला घर मिळाल्यास आड यायचे नाही, असे संशोधकांनी ठरविले होते. तरी या वाटणीवरचा वाद मिटलेला नाही.

साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतील मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ७३ भरला, पालक-कुटुंबांतील मुलांचा ८१, तर जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्यांचा १०९. २०१२ मध्ये मेंदूच्या एमआरआय चित्रांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंदूतील पेशींचा करडा भाग दोन्ही गटांत कमीच होता. मात्र पेशींना परस्परांशी जोडणाऱ्या तंतूंचा पांढरा भाग संस्थेतील मुलांत घटलेला आढळला. कुटुंबात गेलेल्यांत तो बराच भरून आला होता. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांच्या मेंदूतील विद्युतलहरी आठव्या वर्षी घरी वाढलेल्या मुलांच्या जवळ पोहोचल्या होत्या.

असे का व्हावे? बाळ हुंकारते, आई हुंकार परतवते. बाळ बोट दाखवते, आजी त्या वस्तूचे नाव सांगते. अशा प्रत्येक देवघेवीत पेशींमधील जोडण्या बळकट होतात, आणि न वापरलेल्या गळून जातात. प्रतिसाद देणारे माणूस रोज तेच असले, की बाळाला त्याचा अंदाज बांधता येतो. अंगाईला सूर नसला तरी चालतो, हे त्यातल्या त्यात बरे!

येथे एक गोष्ट विसरू नये. त्या पालक-माता मुलांच्या रक्ताच्या नव्हत्या. मेंदूने दाद दिली ती सांभाळाला. दत्तक मुलाकडे आजही ‘परके रक्त’ म्हणून पाहणाऱ्या नातलगांनी हे ध्यानात घ्यावे.

२००४ च्या कायद्याने रुमानियाने गंभीर अपंगत्वाचा अपवाद वगळता दोन वर्षांखालील मुलांना संस्थेत ठेवण्यास मनाई केली.