‘बनगरवाडी’तील उपरोध आणि माणसे
(शिक्षक मेळाव्यातील भाषण)



कथेतील उपरोध मुलांस कसा समजावून द्यावा, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडतो. उपरोध म्हणजे टोमणा, असे सांगून आपण मोकळे होतो. परंतु टोमणा बोलण्यात असतो. कथेतील उपरोध घडण्यात असतो. माणूस एक योजतो, पदरी निराळेच येते, आणि त्या दोहोंतील अंतरात त्याचा स्वभाव उघडा पडतो.

यासाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही १९५५ सालची छोटी कादंबरी घ्यावी. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर रुजू होतो. शाळा आहे, पण मुले मेंढरांमागे रानात. म्हातारा कारभारी पाठीशी उभा राहतो, तेव्हा कोठे वर्ग भरू लागतो. पुढे मास्तराच्या उत्साहाने तालीम उभी राहते. गाव राबते, राजेसाहेब येऊन जातात. मग पाऊस दडी मारतो. मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात. रिकाम्या शाळेत आलेला मास्तर रिकाम्या गावातून परततो.

कारभाऱ्याकडे पाहा. त्याच्या मुलीची, अंजीची, चोळी शिवून आणण्याचे साधे काम मास्तर करतो, आणि त्यातूनच कारभाऱ्याचे मन दुरावते. ज्या करारीपणामुळे तो गावाचा आधार, त्याच करारीपणामुळे तो येथे चुकतो. एकाच गुणाच्या दोन्ही बाजू दाखविणे, हेच खरे व्यक्तिचित्रण होय.

उजनीकाठच्या मुलांना हे परके नाही. भीमेवरील धरण १९८० साली पुरे झाले आणि करमाळा, माढा, इंदापूर, कर्जत या तालुक्यांतील गावे पाण्याखाली गेली. बनगरवाडी पाण्यावाचून उठली. आपली गावे पाण्यामुळे उठली. जलाशय उतरला म्हणजे पळसदेवचे जुने देऊळ आजही उघडे पडते. ज्या पाण्याने घर नेले, त्याच पाण्याने ऊस उभा केला. आणि कित्येकदा घर गेलेला व ऊस लावणारा माणूस एकच असतो. त्याला सुखी म्हणावे की दुःखी? या प्रश्नापाशी मूल थबकले, म्हणजे उपरोध त्याला समजला.

म्हणून वर्गात तीनच प्रश्न विचारावेत. या माणसाने काय योजले? काय घडले? आणि तेव्हा तो कसा वागला? मग मुलांना घरच्या आजोबा-आजींकडे धाडावे व ऐकलेले त्यांच्याच बोलीत लिहू द्यावे. तात्पर्य फळ्यावर लिहिण्याची घाई मात्र करू नये. ज्याच्या घराचा उंबरा पाण्याखाली आहे, त्या मुलाला आपण तात्पर्य ते काय सांगणार?

वाडी ओस पडली, तरी तिच्यातील माणसे पुस्तकात राहिली; कारण कोणीतरी ती नीट पाहिली होती. आपल्या पटावरच्या मुलांना तशी नजर देणे आपल्या हाती आहे.