आतला हप्ता

जर्सी सिटीत नेवार्क अव्हेन्यूवर वाणसामान घ्यायला आपण सगळेच जातो. तिथून दोनेक मैल दक्षिणेला मार्टिन ल्यूथर किंग ड्राइव्ह आहे. तिकडे आपली गाडी सहसा वळत नाही. आज तिथल्या पोरांविषयी बोलायचं आहे.

१९८७ साली न्यू जर्सीने कायदा केला. शाळेपासून हजार फुटांच्या आत अमली पदार्थ विकला, तर पॅरोलविना तुरुंग, बहुतेकदा तीन वर्षं. हेतू चांगलाच होता. पण हजार फूट म्हणजे चारशे पावलं. एका शाळेच्या फाटकापासून मी पावलं मोजत निघालो, तर तीनशे व्हायच्या आत दुसऱ्या शाळेचं कुंपण लागलं. अशा दाटीच्या शहराचा निम्मा भाग त्या कक्षेत आला. ऐसपैस उपनगरात तीच पुडी विकणारा मुलगा मात्र या कलमातून सुटला. २००५ मध्ये राज्याच्याच आयोगाने तपासलं, तेव्हा या कलमाखाली आत गेलेल्यांत ९६ टक्के कृष्णवर्णीय नाहीतर लॅटिनो निघाले.

आणि आत काय असतं? न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरच्या तुरुंगात १९९३ मध्ये कृष्णवर्णीय कैद्यांनी लॅटिनो टोळ्यांपासून बचाव म्हणून ‘युनायटेड ब्लड नेशन’ ही टोळी उभी केली. काही वर्षांतच ती हडसन ओलांडून इथल्या नाक्यांवर आली.

अभ्यासक डेव्हिड स्कारबेक यांनी कॅलिफोर्नियाचे तुरुंग पाहून यातली गोम दाखवली. पुड्या विकणाऱ्याला ठाऊक असतं, आज ना उद्या आपण आत जाणार. तिथे जिवाला राखणार कोण? म्हणून तो बाहेर असतानाच आतल्यांना हप्ता पोचवतो. तुरुंग जितका अटळ, तितकी वसुली पक्की. सोळा-सतरा वर्षांचं पोर त्या हप्त्यासाठी नाक्यावर उभं राहतं. मला विचाराल तर सरसकट सक्तीच्या शिक्षेने टोळ्यांचंच काम सोपं केलं.

न्यू जर्सीत २०१० पासून न्यायाधीशांना ही शिक्षा कमी करता येते. सुटून आल्यावर काम मिळावं म्हणून २०१५ पासून पंधरा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या मालकाला नोकरीच्या पहिल्याच अर्जात गुन्ह्याविषयी विचारता येत नाही. आपली पुष्कळ दुकानं त्याहून लहान आहेत, तिथे हा कायदा लागत नाही. तरीही हात जोडून सांगतो, अर्जातला तो रकाना काढून टाका. पोराला आधी समोर बसवा आणि काय काम येतं ते विचारा.