विलायतेतील हुजूर पक्ष हरल्यावर

युद्ध जिंकून देणारा पुढारी निवडणूक हरतो, हे विलायतेत १९४५ च्या जुलैत घडले. मजूर पक्षाला ३९३ जागा आणि चर्चिलसाहेबांच्या हुजूर पक्षाला जेमतेम दोनशे!

पक्षाची घडी बसवायला १९४६ साली लॉर्ड वुल्टन आले. व्यापारात मुरलेले आणि युद्धकाळात अन्नमंत्री असलेले हे गृहस्थ; घराघरांतली चूल त्यांना ठाऊक. तोवर उमेदवारी म्हणजे पैसेवाल्यांची मिरास. निवडणुकीचा खर्च बहुधा उमेदवारच सोशी, शिवाय मतदारसंघाच्या शाखेला दरसाल भली मोठी वर्गणी देई. शाखेलाही ते बरेच होते म्हणा, दारोदार हिंडायला नको! पुढे नियम बदलले. उमेदवाराची वर्गणी वर्षाला फार तर २५ पौंड. खर्च शाखेच्या अंगावर आला, आणि मग चार-आठ आण्यांसाठी का होईना, कार्यकर्त्यांना लोकांच्या दारी जाणे भाग पडले.

धोरण बटलर यांनी पाहिले. १९४४ चा शिक्षण कायदा त्यांचाच, हे शिक्षकबंधूंना ठाऊक असेल. १९४७ च्या 'औद्योगिक सनदे'त कोळशाच्या खाणी नि रेल्वे सरकारी राहण्यास पक्षाने मान्यता दिली. जुन्या मंडळींनी नाके मुरडली.

१९५० मध्ये थोडक्यात हुकले. १९५१ मध्ये ३२१ जागा मिळून सत्ता आली. मते मात्र मजूर पक्षालाच जास्त होती. आणि बाकांवर बसले कोण? बहुतेक बड्या खासगी शाळांतलेच. वर्गणी उतरली, पण उमेदवार निवडणारी स्थानिक मंडळी तीच, त्यांची आवडही तीच.