दूध पुरत नाही, असं म्हणण्याआधी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेलं भाषण)



मागे उभ्या असलेल्या पुरुषमंडळींना संकोच वाटत असेल तर त्यांनी खुशाल बाहेर चहा घ्यावा. पण ज्यांच्या घरी यंदा पाळणा हलायचा आहे त्यांनी थांबावं, कारण मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं काम बाळंतिणीचं नाही, घरच्यांचं आहे.

आपल्या कर्जत-खालापूरकडे बाळंतिणीला भेटायला जायची रीत आहे. जाताना आपण झबलं-टोपडं नेतो, आळीव नेतो, आणि बाळाकडे पाहून एक वाक्य बोलून येतो : "अगंबाई, किती बारीक आहे! दूध पुरतंय ना?" बोलणारी घरी जाऊन विसरते, पण त्या मुलीच्या मनात ते रुतून बसतं. रात्री बाळ रडलं की तिला वाटतं, आपल्या अंगावर दूधच नाही. सासूलाही तसंच वाटू लागतं. दुसऱ्या दिवशी नवरा बाजारातून पावडरीचा डबा आणतो. डब्याचं दूध पोटात गेलं की बाळ अंगावर कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी उतरतं, आणि पंधरा दिवसांत सगळ्यांचं भाकीत खरं ठरतं.

तेव्हा बाळाला पुरतंय की नाही हे कशावरून ओळखायचं? रडण्यावरून नव्हे. बाळ गारठ्याने रडतं, ओलं झालं म्हणून रडतं, नुसतं जवळ घ्या म्हणूनही रडतं. उलट खरोखर उपाशी राहिलेलं अशक्त बाळ पुष्कळदा रडतच नाही. ते झोपून राहतं आणि घरचे म्हणतात, किती गुणी आहे! मला तर रडणाऱ्यापेक्षा या गुणी बाळाचीच अधिक धास्ती वाटते. पाहायच्या गोष्टी दोन, लंगोट आणि काटा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान ६ लंगोट चांगले ओले व्हावेत, लघवी गर्द पिवळी नसावी, आणि काळी शी जाऊन पिवळी झालेली असावी. वजन पहिल्या तीन-चार दिवसांत थोडं उतरतंच. ३ किलोचं मूल २ किलो ८०० वर आलं तर घाबरायचं कारण नाही. पण दहावा हिस्सा उतरला, म्हणजे २ किलो ७०० वर आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. दहा ते चौदा दिवसांत जन्मवेळचं वजन भरून यायला हवं. तिथून पुढे पहिले तीन महिने रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम वाढ धरावी.

माझ्या भाचीची हकीकत सांगते, तिला विचारूनच सांगते आहे. मूल जन्मलं तेव्हा २ किलो ६०० ग्रॅम होतं. तिसऱ्या दिवशी २ किलो ४२०. इथवर ठीक. सातव्या दिवशी तेवढंच. चौदाव्या दिवशी आशाताईंनी झोळीच्या काट्याला लावलं तर २ किलो ३८०! घरात दृष्ट काढून झाली, मीठमोहऱ्या झाल्या. भाचीला चिरा पडून रक्त येत होतं. पाजायची वेळ आली की तिच्याच डोळ्यांत पाणी यायचं, आणि बाळ चार घोट ओढून झोपी जायचं. आशाताईंनी दोन गोष्टी केल्या. त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं, कारण कावीळ, जंतुदोष, टाळ्याला किंवा जिभेखाली काही व्यंग असेल तर ते डॉक्टरांनीच पाहायचं असतं. तसं काही निघालं नाही. मग त्यांनी भाचीला आपल्यासमोर पाजायला बसवलं. गंमत पाहा, चौदा दिवसांत इतक्या बायका येऊन सल्ले देऊन गेल्या, पण ही पाजते कशी, हे एकीनेही पाहिलं नव्हतं. बाळ नुसतं बोंड धरून चोखत होतं.

आता हे नीट ऐका. नुसत्या बोंडातून दूध येत नाही, भोवतालचा काळा भाग बाळाच्या तोंडात जाऊन तिथे जबड्याचा दाब पडावा लागतो. डाव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळाला उजव्या हातावर आडवं घ्यावं, त्याचं पोट आपल्या पोटाला लागलेलं असावं. मानेला हाताचा आधार द्यावा, डोकं मागून दाबू नये. डोकं दाबलं की मूल मागे रेटा देतं. डाव्या हाताने छाती खालून धरावी. बोंड बाळाच्या नाकासमोर आणून वरच्या ओठाला लावावं आणि थांबावं. बाळाने जांभई दिल्यासारखा मोठा आ केला की त्याला पटकन जवळ ओढावं. आपण त्याच्याकडे वाकू नये, त्याला आपल्याकडे आणावं. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळा भाग वरून जास्त, खालून कमी दिसतो, म्हणजे पकड बसली. पकड बसली की दुखत नाही. पहिल्या दोन-चार घोटांनंतरही दुखत असेल तर बोट घालून सोडवावं आणि पुन्हा लावावं, दहादा लावावं लागलं तरी. गिळल्याचा आवाज ऐकू येतो, तो कानांनी ऐकावा. मुंबईच्या आय.आय.टी.ने स्पोकन ट्यूटोरियल म्हणून याच्या मराठीतून चित्रफिती केल्या आहेत. घरात मुलांच्या हातात मोबाइल असतोच, तो तेवढा वेळ काढून घ्यावा.

भाचीने दर दोन तासांनी बाळाला उठवून पाजायला घेतलं, रात्रीसुद्धा. पाजून झालं की उरलेलं दूध हाताने पिळून काढायची आणि वाटी-चमच्याने द्यायची. बाटली घरात आणली नाही. आपल्या आज्यांकडे बोंडलं असायचं, तेही चालतं, मात्र प्रत्येक वेळी उकळून घ्यायला हवं. एकविसाव्या दिवशी २ किलो ५३०, अठ्ठाविसाव्या दिवशी २ किलो ७६०. बेचाळिसाव्या दिवशी ३ किलो २०० भरलं तेव्हा तिच्या सासूबाई काट्याजवळच खाली बसल्या आणि डोळे पुसू लागल्या. या सासूबाईंचं मला कौतुक आहे. महिनाभर धुणं, चूल, पाणी त्यांनी आपल्याकडे घेतलं आणि सुनेला एकच काम ठेवलं.

दूध कसं वाढतं, याचं उत्तर आपल्याकडच्या बायांना शिकवायला नको. उन्हाळ्यात ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून आपण वाटीने पाणी भरतो. जसं उपसावं तसं पाझरतं. दुधाचंही तेच आहे. आळीव, डिंक, खोबरं जरूर द्यावं, त्याने आईला ताकद येते. पण रिकामं केल्याशिवाय नुसत्या लाडवांनी दूध उतरत नाही. आणि काही घरांतून बाळंतिणीला पाणी मोजून देतात, ते तर कृपा करून बंद करा. तहान लागेल तेवढं तिला पिऊ द्या. बाळाला मात्र सहा महिने पाणी नको, मे महिन्यात अंगाची लाही झाली तरी नको. मध, घुटी, ग्राइपवॉटर हेही नको. सहाणेवर उगाळलेलं पोटात गेलं की तेवढी दुधाची जागा गेली, शिवाय जंतू गेले ते वेगळेच. बाळ अडीच किलोच्या आत असेल तर त्याला नुसता लंगोट आणि टोपडं ठेवून आईच्या उघड्या उराशी बांधावं, वरून लुगडं-चादर घ्यावी. त्याने ऊबही राहते आणि पान्हाही फुटतो. बाप, आजीही असं घेऊ शकतात.

हे सगळं लावणीच्या दिवसांत सांगायला जड वाटतं, हे मला कळतं. चिखलात उभं राहून रोप लावायचं तर दर दोन तासांनी घरी कोण येणार? दिवाळीनंतर कातकरी वाडीवरच्या बाया वीटभट्टीवर जातात, त्यांचं तर विचारूच नका. तरी बांधावर झोळी बांधून बाळ जवळ ठेवता आलं तर तेच उत्तम. नाहीतर हात धुऊन, उकळलेल्या भांड्यात दूध पिळून झाकून सावलीत ठेवावं. चार तास ते टिकतं, आजीने ते वाटी-चमच्याने पाजावं. मुकादमाशी भांडून घटकाभर सुट्टी मागणं एकटीला जमत नाही, चौघींनी मिळून मागावी.

डब्याविषयी थोडं बोलते. १९९२ साली आपल्या देशात कायदा झाला, त्याने तान्ह्यांच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. हा कायदा उगीच झालेला नाही. डबा महाग, म्हणून चार दिवस जास्त पुरावा यासाठी घरोघरी पावडर कमी आणि पाणी जास्त घालतात. पोट भरलंसं वाटतं आणि काटा हलत नाही. आपली कर्जतची लोकल ज्या शीव स्टेशनातून जाते, तिथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आईच्या दुधाची पेढी काढली, आशिया खंडातली पहिली. जास्त दूध असलेल्या आया तिथे दूध देतात, ते निर्जंतुक करून अपुऱ्या दिवसांच्या, आजारी बाळांना पाजतात. एवढ्या मोठ्या दवाखान्याला आईच्या दुधाचं मोल कळलं, तर आपण ते का हलकं मानावं?

तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यांतल्या थोडंफार शिकलेल्या बायकांनाच घरोघर जाऊन नवजात बाळं तपासायला शिकवलं. ३९ गावांतून ते काम चाललं आणि तिथले बाळमृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली ते जगापुढे आलं. मी स्वतः सातवी शिकलेली, त्यामुळे ही हकीकत मला फार आवडते. २०११ पासून देशभर आशाताई त्याच धर्तीवर फिरतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्या येतात. त्यांना ओसरीवरून चहा पाजून परत पाठवू नका. काटा बाहेर काढायला लावा, वजन लिहून घ्या.

एवढं करूनही काही आयांना खरंच दूध कमी येतं. थायरॉईडचा विकार असतो, बाळंतपणात रक्त फार गेलेलं असतं, कधी कारण सापडतही नाही. डॉक्टरांनी वरचं दूध द्यायला सांगितलं तर ते सांगितलेल्या मापाने द्यावं आणि त्या मुलीला एका शब्दाने टोचू नये. बाळ जगणं महत्त्वाचं. आणि बाळ ओढेनासं झालं, उठवून उठेना, हातपाय गार पडले किंवा अंग तापलं, टाळू खोल गेली, छाती आत ओढून श्वास घेऊ लागलं, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर सकाळची वाट पाहू नका. १०२ ला फोन करा. आई आणि वर्षाच्या आतल्या बाळासाठी ती गाडी फुकट आहे. ज्या वाडीपर्यंत गाडी चढत नाही, तिथून बाळाला आईच्या उराशी बांधूनच खाली रस्त्यावर आणा, आणि वाटेत ओढत असेल तर पाजत राहा.