भावना, मेंदू आणि आपली घाई



आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून. मेंदूविषयी आम्ही बोलणार ते वाचक म्हणून, डॉक्टर म्हणून नव्हे. हा विषय घेण्यास आमची एक चूक कारण आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या काउंटरवर एक तरुण आला. पैसे काढण्याची स्लिप त्याने पुढे सरकविली, पण मान वर केली नाही. सही जुळेना म्हणून आम्ही दोनदा विचारले; तो खालीच पाहत राहिला. "बोलताना वर बघायची रीत नाही का?" असे आम्ही चारचौघांत सुनावले. त्याने दोन्ही कान झाकून घेतले. मागे उभी असलेली त्याची आई म्हणाली, "साहेब, तो उद्धट नाही. त्याला ऑटिझम आहे." आम्ही शरमलो आणि त्या दिवसापासून या विषयावर वाचू लागलो.

आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंस खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका किंवा महत्त्वाची गोष्ट तो चटकन हेरतो. कपाळामागील भाग त्याला आवर घालतो. एक घंटा आणि दुसरा लगाम, अशी ढोबळ कल्पना करावी.

अमेरिकेत एका दुर्मिळ आनुवंशिक विकारामुळे एका स्त्रीचा दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झाला. तिला इतर बहुतेक भाव समजत, पण चेहऱ्यावरील भीती ओळखता येत नसे, हे 1994 साली प्रसिद्ध झाले. 2005 साली त्याचे कारण पुढे आले. ती समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहतच नव्हती! "डोळ्यांकडे पाहा" असे सांगितले की तिला भीती ओळखता येई; सूचना थांबली की पुन्हा पहिले पाढे.

आता त्या तरुणाकडे वळू. ऑटिझम असलेल्या अनेकांना डोळ्यांस डोळा भिडविणे जड जाते. परंतु 2017 सालच्या एका अभ्यासात, त्यांना डोळ्यांकडेच पाहावयास लावले तेव्हा मेंदूतील हे खोलवरचे भाग प्रमाणाबाहेर उत्तेजित झालेले आढळले. म्हणजे एकाची नजर घंटा वाजत नाही म्हणून डोळ्यांकडे जात नाही, तर दुसऱ्याची घंटा फार मोठ्याने वाजते म्हणून खाली जाते. बाहेरून दोघेही सारखेच दिसतात. भावना नाहीत असे मात्र नव्हे.

नैराश्यात आणखी वेगळे घडते. 2002 सालच्या एका प्रयोगात दुःखद शब्द वाचल्यावर निरोगी माणसांचा अमिग्डाला सुमारे दहा सेकंदांत शांत झाला. नैराश्यग्रस्तांचा पंचवीस सेकंदांनंतरही जागाच होता. "सोडून दे, विसरून जा" हे सांगणे किती सोपे! दंगल, अपघात, अत्याचार यांच्या आघातानंतर काहींची घंटा साध्या आवाजानेही वाजते आणि लगाम ढिला पडतो. "आता कसली भीती?" असे त्यांना विचारू नये.

विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावे. हे निष्कर्ष अनेकांच्या सरासरीचे आहेत. नुसते मेंदूचे चित्र पाहून कोणाचे निदान होत नाही. माणूस तपासावा लागतो. अर्धवट ज्ञानाने किती घात होतो, हेही पाहा. 1943 साली डॉ. लिओ कॅनर यांनी ऑटिझमचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे मायेत कमी पडल्याचा ठपका मातांवर ठेवला गेला. तो मत मागे पडला, तरी आपल्या वस्तीत आजही "आईचेच लक्ष नाही" असे बोलले जाते. ते आधी थांबले पाहिजे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. मानसिक त्रासासाठी 2022 पासून 14416 हा टेली-मानस क्रमांक आहे. ही माहिती घरोघरी पोहोचवावी.

तो तरुण पुन्हा आला, तेव्हा आम्ही त्याला बाजूच्या टेबलाशी बसविले, आवाज खाली ठेवला आणि कोठे सही करावयाची ते बोटाने दाखविले. मान त्याने तेव्हाही वर केली नाही. सही मात्र जुळली. काम दोन मिनिटांत झाले.