टूरच्या यादीत नसलेलं तुर्कस्तान

आजचा विषय आहे तुर्कस्तानची सहल. तुमच्यापैकी काही जण जाऊन आले असतील, काहींच्या मनात जायचं असेल, आणि काहींनी मे २०२५ नंतर तो बेत रद्द केला असेल. त्या रद्द करण्याबद्दलही मी बोलणार आहे, पण ते नंतर. आधी सहल.

मी फौजेतून निवृत्त झालो आणि बेंगळुरूला स्थायिक झालो. २०२३ साली आम्ही दोघं एका मराठी ग्रुपबरोबर तुर्कस्तानला गेलो. दहा दिवस, एक बस, एक टूर मॅनेजर आणि एक स्थानिक गाइड. इस्तंबूल, चनाक्कले, ट्रॉय, इफेसस, पामुक्काले, कोन्या, कप्पाडोकिया. कुठल्याही कंपनीचं पत्रक घ्या, थोडं मागेपुढे करून हीच नावं दिसतील.

आता एक गोष्ट आधीच सांगतो. ही सगळी ठिकाणं बघण्यासारखीच आहेत. आया सोफिया ५३७ साली उभी राहिली. आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य जेमतेम सुरू होत होतं तो हा काळ. त्या घुमटाखाली मान वर करून उभं राहिलं की माणूस गप्प होतो. इफेससच्या ग्रंथालयाचा दर्शनी भाग, पामुक्कालेचा पांढरा डोंगर, कप्पाडोकियाची जमिनीखालची शहरं, यांतलं काहीही सोडा असं मी म्हणणार नाही. चामड्याचं दुकान आणि गालिच्यांचं दुकान सोडलंत तरी चालेल, पण बस तिथे थांबणारच!

मुद्दा वेगळा आहे. ही यादी कशी तयार झाली? जरा विचार करा. ट्रॉय कोणासाठी? होमर वाचून मोठ्या झालेल्यांसाठी. इफेसस कोणासाठी? दगड सगळ्यांसाठीच आहेत, पण सेंट पॉल तिथे राहिला म्हणून ख्रिस्ती माणसाचे पाय तिकडे आधी वळतात. कोन्या मौलाना रूमींच्या भक्तांसाठी. आणि गॅलिपोलीचा किनारा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या लोकांसाठी. दर वर्षी २५ एप्रिलला ते पहाटे तिथे जमतात. म्हणजे यादीतला जवळजवळ प्रत्येक थांबा ही कोणाची तरी यात्रा आहे. आपण त्या सगळ्यांच्या यात्रा करून, फोटो काढून परत येतो. मग आपली यात्रा कुठे आहे?

आहे. तीन ठिकाणं सांगतो.

पहिलं ठिकाण इस्तंबूलमध्येच, तोपकापी राजवाड्याच्या खालच्या अंगाला. पुरातत्त्व संग्रहालय. बहुतेक ग्रुप राजवाडा बघतात आणि समोरून निघून जातात. या संग्रहालयात मातीची एक फुटकी पाटी आहे. इसवी सनापूर्वी १२७४च्या सुमारास कादेश इथे इजिप्तचा दुसरा रामसेस आणि हित्ती राजा यांची मोठी लढाई झाली. दोन्ही बाजूंनी विजयाचा दावा केला. ही सवय जुनी आहे! पुढे पंधराएक वर्षांनी त्यांनी तह केला. एकमेकांवर चालून जायचं नाही, तिसऱ्याने हल्ला केला तर मदत करायची, पळून आलेली माणसं परत करायची आणि परत आलेल्यांना शिक्षा करायची नाही. त्या तहाची हित्तींकडची प्रत ती ही पाटी. फौजी माणसाने तिच्यासमोर पाच मिनिटं तरी उभं राहावं. जाण्याआधी ते दालन उघडं आहे ना, एवढं विचारून घ्या. डागडुजीसाठी काही भाग अधूनमधून बंद असतात.

ही पाटी सापडली बोगाझकॉय इथे, हित्तींच्या हत्तुशा या राजधानीत, १९०६ साली. तिथल्याच दफ्तरात दुसरा एक तह मिळाला, हित्ती आणि मितानी राजांमधला, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला. तहाला साक्षी म्हणून मितानी बाजूने ज्या देवांची नावं घेतली आहेत त्यांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. नासत्य म्हणजे आपले अश्विनीकुमार. याचा अर्थ काय लावायचा तो विद्वानांनी लावावा, पण ही नावं तिथे लिहिलेली आहेत याबद्दल वाद नाही. हत्तुशा अंकारापासून साधारण दोनशे किलोमीटर. अंकारा ते कप्पाडोकिया बसने जाणार असाल तर एका दिवसाचा वळसा. आमच्या यादीत ते नव्हतं.

दुसरं ठिकाण गॅलिपोली. १८ मार्च २०२२ला डार्डनेल्सवर नवा झुलता पूल सुरू झाला. मधला गाळा बरोबर २०२३ मीटरचा, कारण २०२३ हे तुर्की प्रजासत्ताकाचं शंभरावं वर्ष. गाइड हे अभिमानाने सांगतो, आणि सांगावंच. मग तो अँझॅक कोव्ह दाखवतो, लोन पाइन दाखवतो, चुनुक बैरच्या माथ्यावर मुस्तफा कमालची गोष्ट सांगतो. आपल्या लोकांचं नाव येत नाही.

वस्तुस्थिती अशी. २५ एप्रिल १९१५ला, पहिल्याच दिवशी, अँझॅकच्या किनाऱ्यावर ज्या तोफा सर्वांत आधी उतरल्या त्या हिंदी माउंटन बॅटरीच्या होत्या, खेचरांच्या पाठीवरून आणलेल्या. त्या घळींमध्ये गाडी चालत नव्हती. पाणी, दारूगोळा आणि शिधा खेचरांवरून वर जायचा आणि ती खेचरं हाकणारे आपले ड्रायव्हर होते. दक्षिणेला हेलेसच्या बाजूला ४ जूनला १४ शीख पलटण एका घळीत हल्ल्याला गेली आणि त्या एका दिवसात पलटणीचे बहुतेक जवान मारले गेले किंवा जखमी झाले. ऑगस्टमध्ये सारी बैरच्या कड्यावर गुरखे चढले. मराठा पलटणी या लढाईत नव्हत्या, हेही सांगायला हवं. पण फौजेत वर्दी एकच असते.

हेलेसचं स्मारक द्वीपकल्पाच्या अगदी टोकाला आहे. तीस मीटरहून उंच मनोरा, सामुद्रधुनीत शिरणाऱ्या जहाजांवरूनही दिसतो. त्यावर वीस हजारांहून जास्त नावं आहेत आणि त्यांत हिंदी जवानांची नावंही. अँझॅक कोव्हपासून गाडीने एका तासाच्या आत पोचता येतं. मी गाइडला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, प्रोग्रॅममध्ये नाही, पण उद्या सकाळी लवकर निघाल तर करू." आम्ही पाच जण पहाटे छोट्या गाडीने जाऊन आलो आणि ग्रुपच्या नाश्त्याला वेळेवर हजर झालो. गाइड भला माणूस होता. नंतर मला म्हणाला, इतक्या वर्षांत भारतीय ग्रुपमधून हे कोणी विचारलंच नव्हतं. मंडळी, इथे सगळं कळतं. गाइड जे विचारलं जातं तेच पाठ करतो. तिथे त्याला सरकारी परवाना लागतो, त्यासाठी शिकावं लागतं. त्याला माहिती नसते असं नाही. आपण विचारत नाही.

तिसरं ठिकाण सर्वांत जवळचं, आणि तिथे पोचणं सर्वांत कठीण. तुम्ही मराठी असाल तर हे नीट ऐका.

१९१५ साली इराक तुर्कांच्या ताब्यात होता. तिथे आपली सहावी डिव्हिजन, म्हणजे पूना डिव्हिजन, लढत होती. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७. ७ डिसेंबर १९१५ला कुत-अल-अमारा या गावात ही डिव्हिजन वेढली गेली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. शेवटी घोड्याचं मांस वाटायची वेळ आली. बऱ्याच हिंदी जवानांनी ते खायला नकार दिला. धर्माची परवानगी आहे असे संदेश हिंदुस्थानातून मागवावे लागले. तोपर्यंत माणसं सुकली होती, स्कर्व्ही झाली होती. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. सुमारे १३,००० माणसं कैदी झाली.

त्यांना वाळवंटातून चालवत नेलं. जे वाचले त्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं. कोणी टॉरस आणि अमानुस डोंगरांच्या बोगद्यांकडे गेले, आणि हिंदी कैद्यांपैकी पुष्कळ जण रास-अल-ऐनच्या छावणीत. हजारो परत आले नाहीत. रास-अल-ऐन आज सीरियात आहे. रेल्वेचा रूळ हीच तिथे तुर्कस्तान-सीरियाची सीमा आहे. तिकडे टूर जात नाही, आणि सध्याच्या परिस्थितीत जाऊही नये. पण कोन्याहून अदानाकडे जाणारा लोहमार्ग आजही त्याच टॉरस डोंगराच्या बोगद्यांतून जातो. त्या बाजूचा वार्दा पूल बाँडच्या एका सिनेमात आला आणि आता पर्यटक तो बघायला जातात.

आणखी एक गंमत, कडू गंमत. शरण आलेले जनरल टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटांवर आरामात राहिले. ती बेटं आज टूरच्या यादीत आहेत, बोटीने नेतात, आइस्क्रीम खायला देतात. जनरलचं बेट यादीत आहे, जवानाचा बोगदा नाही.

आता नावांबद्दल. साताऱ्याजवळ आपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. कोकणात, साताऱ्यात, पुणे जिल्ह्यात अशा किती तरी गावांत संगमरवरी फळी आहे : या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, पैकी इतके मेले. संख्या. इराकमध्ये बसऱ्याचं स्मारक आहे, चाळीस हजारांहून जास्त मृतांचं. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी जवानांची पलटणीप्रमाणे फक्त संख्या. म्हणजे घरच्या दगडावर आकडा आणि तिकडच्या दगडावरही आकडा. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१च्या अहवालात ही असमान वागणूक मान्य केली आणि माफी मागितली. नावं होती, पण ती रजिस्टरमध्ये. आता त्या आयोगाच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात, आणि बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हासुद्धा दिलेला असतो.

आता मे २०२५. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला. आपल्यावर सोडलेल्या ड्रोनमध्ये तुर्की बनावटीचे होते, हे आपल्या सैन्याने सांगितलं. टूर कंपन्यांनी सहली थांबवल्या, पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घ्यायचं बंद केलं. मला बरेच जण विचारतात, "कर्नलसाहेब, जावं का?" माझं उत्तर सरळ आहे. माझा पैसा मी सध्या तिकडे नेणार नाही. तुमचा निर्णय तुमचा. पण एक लक्षात ठेवा : आपण जाणं थांबवू शकतो, आपली माणसं तिथे शंभर वर्षांपासून आहेत. बहिष्कार टाकताना त्यांच्यावरही टाकला जाऊ नये.

आणि त्यासाठी विमान लागत नाही. बेंगळुरूत जे. सी. नगरला म्हैसूर लान्सर्सचा स्तंभ आहे. २३ सप्टेंबर १९१८ला हैफा शहर तुर्कांकडून घेणाऱ्या घोडदळात हे होते. पुढे २६ ऑक्टोबरला अलेप्पोजवळ हरितान इथे त्यांची शेवटची लढत झाली. समोर कोणाची फौज होती? मुस्तफा कमालची. चारच दिवसांनी तुर्कस्तानने युद्धविराम केला. त्याच भागात पॅराशूट रेजिमेंटचं केंद्र आहे. कुतमध्ये अडकलेली ११० मराठा पलटण पुढे ३ मराठा झाली आणि १९५२ साली २ पॅरा. एका रविवारी सकाळी हा स्तंभ बघून होतो. पुढच्या सुट्टीत बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रावर जा. प्रवेशाची परवानगी आधी घ्यावी लागते.

तेव्हा कामाचं सांगतो, तीनच गोष्टी. एक : आपल्या गावातली फळी शोधा, तिचा फोटो घ्या, आणि संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून रजिस्टरमधली नावं काढा. स्पेलिंग इंग्रजांनी वाटेल तसं लिहिलेलं आहे, चार-पाच प्रकारे टाकून बघा. दोन : मिळालेली नावं ग्रामपंचायतीला द्या, आकड्याच्या शेजारी ती लागली पाहिजेत. तीन : कधी तुर्कस्तानला गेलात, तर पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारा : पुरातत्त्व संग्रहालय आहे का, हेलेस आहे का, हत्तुशाला वळसा घेता येईल का. वीस जणांनी विचारलं की पत्रक बदलतं. टूरवाले धंदा करतात. मागणी असेल तिथे बस वळवतात.

तुमच्या गावच्या फळीवर कोणता आकडा आहे, ते खाली कॉमेंटमध्ये जरूर लिहा, आणि नावं सापडली तर नावंही लिहा. जय हिंद.