फाल्गुनरावाचे डोळे, रेवतीचं गाणं

आज ज्या नाटकाबद्दल बोलायचं आहे ते आपल्यापैकी बहुतेकांनी नावानं तरी ऐकलेलं असेल. गोविंद बल्लाळ देवल यांचं ‘संगीत संशयकल्लोळ’. 1916 साली गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं. देवल वारले तेही त्याच वर्षी. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांची कीर्ती तेव्हापासून आजवर टिकून आहे. या नाटकाचा आस्वाद आपण सहसा दोन तुकडे करून घेतो. एक तुकडा विनोदाचा: फाल्गुनरावाची फजिती, कृत्तिकेचा थयथयाट, भादव्या नोकराची धांदल. दुसरा तुकडा पदांचा: ती मैफलीत गायची, स्पर्धेत म्हणायची, रेडिओवर एकेकटी ऐकायची. हसायचं ते गद्याला आणि डोलायचं ते पदांना, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. ती वाटणी नाटकावर अन्याय करणारी आहे, असं मला वाटतं. या नाटकात डोळे माणसांना फसवतात आणि खरं काय ते कानाला कळतं. पदं काढून घेतली तर नुसती करमणूक कमी होत नाही, नाटकातला खरेपणाचा पुरावाच जातो. हे का, ते आज मांडतो.

आधी कथेचा गाभा. रेवतीला भोवळ येते, रस्त्यानं जाणारा फाल्गुनराव तिला सावरतो आणि त्याची बायको कृत्तिका नेमकं तेवढंच पाहते. तिच्या मनात संशय शिरतो. रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर तिथं पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि ती तसबीर न्याहाळत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. आता संशय त्याच्या मनात. पुढं तीच तसबीर फाल्गुनरावाकडे आहे हे अश्विनशेठ पाहतो, आणि आपण प्रेमानं दिलेली वस्तू परक्याकडे कशी, म्हणून तोही रेवतीवर उलटतो. यात खोटं कोणीच बोलत नाही. जे दिसलं ते प्रत्येकाला खरोखरच दिसलेलं असतं. चूक होते ती दिसलेल्यावरून केलेल्या अनुमानात. डोळ्यांवरचा हा भरवसा सगळ्या गोंधळाचं मूळ आहे.

हा सांगाडा देवलांचा नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. 1660 साली पॅरिसमध्ये मोलिएरनं तो रंगवला. 1761 साली लंडनमध्ये आर्थर मर्फीनं त्याचं पाच अंकी इंग्रजी नाटक केलं, आणि मर्फीवरून देवलांनी मराठी. देवलांनी ते आधी गद्यच लिहिलं होतं. पदं नंतर आली. माझ्या म्हणण्याला या गोष्टीचा मोठा आधार आहे. विनोद गद्यातच पुरता उभा राहत होता, तर पदं कशाला? कोणी म्हणेल, कंपनीत बालगंधर्वांसारखा गळा होता, प्रेक्षकांना गाणं हवं होतं, म्हणून घातली. कारण म्हणून हे खरंच आहे आणि त्यात कमीपणा काही नाही; नाटक कंपनीला तिकिटं विकावीच लागत. पण पदं का मागितली गेली हा एक प्रश्न आणि ती मिळाल्यावर नाटककारानं त्यांचं काय केलं हा दुसरा. पदं कोणाच्या तोंडी दिली ते पाहिलं की देवलांचा विचार दिसतो. गाण्याचा मुख्य भार अश्विनशेठ आणि रेवती या प्रेमिकांवर आहे. फाल्गुनरावाचं सारं बळ गद्यात आहे: तुटक, धावतं, स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देणारं गद्य. संशय बोलतो आणि प्रेम गातं, अशी ही रचना आहे.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो वजनदार आहे. अश्विनशेठही संशय घेतो, आणि संशयाच्या भरातही तो गातोच की! मग गाणं खरं सांगतं हे कसं टिकायचं? टिकतं ते असं. वस्तुस्थिती काय आहे हे पद सांगत नसतं, गाणाऱ्याच्या मनाची अवस्था सांगत असतं. अश्विनशेठ रेवतीबद्दल चुकतो, पण त्याला झालेलं दुःख खोटं नाही. ज्याचं मन मोडलंय त्याचा संशय आणि ज्याला बायको ही आपली मालमत्ता वाटते त्याचा संशय, हे दोन वेगळे संशय आहेत. कागदावर दोघांचे निष्कर्ष सारखेच मूर्खपणाचे. रंगभूमीवर मात्र एकाला आपण हसतो आणि दुसऱ्यासाठी हळहळतो. हा फरक कथानकानं केलेला नाही, तो सुरांनी केला आहे. पदं गाळून ‘संशयकल्लोळ’ वाचून पाहा; अश्विनशेठ हा फाल्गुनरावाची तरुण आवृत्ती वाटू लागतो.

रेवतीच्या बाबतीत तर सुरांचं काम याहून मोठं आहे. मोलिएरची नायिका चांगल्या खात्यापित्या घरातली मुलगी आहे; तिच्यावर संशय आला तरी तिची प्रतिष्ठा तिच्या पाठीशी उभी आहे. देवलांनी नायिका केली ती मघा नायकिणीची मुलगी. ज्या घरातल्या स्त्रीच्या शब्दावर समाज विश्वास ठेवायला तयार नव्हता, त्या घरातली. अशा मुलीवर आळ आला की ती गद्यात काय सांगणार? ती जे बोलेल ते शिकवलेलं, सरावाचं, असंच ऐकणारा म्हणणार. ‘मृच्छकटिका’तली गणिका वसंतसेना मराठीत आणणाऱ्या आणि ‘शारदा’ लिहिणाऱ्या देवलांना हे पुरेपूर माहीत होतं. म्हणून रेवतीचा निष्पापपणा त्यांनी पुराव्यांच्या हाती सोपवला नाही, पदांच्या हाती सोपवला. तसबिरीचा उलगडा शेवटी होतो. प्रेक्षकाचा रेवतीवर विश्वास मात्र कितीतरी आधी बसलेला असतो, कारण त्यानं तिला गाताना ऐकलेलं असतं. गाणं हाच तर तिच्या घरचा धंदा, मग त्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं अश्विनशेठचं संशयी मन म्हणू शकतं. देवलांनी प्रेक्षकाला नेमकं त्याच जागी उभं केलं आहे आणि निवाडा त्याच्या कानांवर सोडला आहे. एका प्रहसनात एवढी मोठी सामाजिक गोष्ट, एकही भाषण न देता, सुरांतून केली आहे.

हे मराठी माणसानं कौतुकापोटी केलेलं अर्थारोपण नाही, हे दाखवायला थोडं दूर जातो. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये विनोदी संगीतनाटकाचा एक प्रकार भरात होता. त्याला ऑपेरा-कॉमिक म्हणतात. त्यात आपल्या संगीत नाटकासारखंच बोलणं आणि गाणं आलटूनपालटून येतं, आणि सुरुवातीच्या काळात तर लोकांच्या ओठांवरच्या चालींवर नवे शब्द बसवले जात. आपल्या नाटकांच्या छापील प्रतींत पदावर चालीचा उल्लेख असतो, तीच रीत. ग्लुक या संगीतकाराचा असा एक ऑपेरा 1764 साली व्हिएन्नात फ्रेंच भाषेत झाला. नाव ‘अनपेक्षित भेट, अर्थात मक्केचे यात्रेकरू’. कथा घडते कैरोमध्ये. बसऱ्याचा राजपुत्र अली आपली हरवलेली प्रेयसी रेझिया हिला शोधत येतो; ती सुलतानाच्या जनानखान्यात अडकलेली आहे. भेटण्याआधी अलीच्या निष्ठेची परीक्षा घ्यायला तिच्या सख्या एकामागून एक त्याला मोहात पाडू पाहतात. म्हणजे इथंही प्रश्न तोच: प्रेम खरं की खोटं, हे ओळखायचं कसं? या ऑपेरात एक ढोंगी फकीर आहे. तो निरर्थक शब्दांचं गाणं गाऊन भीक मागतो, आणि बक्षिसाच्या लोभानं पुढं प्रेमिकांना दगा देतो. त्याचं गाणं ठसकेबाज आहे, हसवणारं आहे, पण आतून रिकामं आहे. अलीचं गाणं लागलं की कानाला लगेच जाणवतं की हा माणूस काही मागत नाहीये. खरं आणि खोटं यांची निवड ग्लुकनंही प्रेक्षकाच्या कानावरच सोपवली. हे कथानक पुढं हायडननं 1775 मध्ये इटालियनमध्ये बांधलं, आणि मोझार्टनं ग्लुकच्या एका चालीवर पियानोसाठी रचना केल्या. हा प्रकार थोरांनी हलका मानला नव्हता.

दोघांत एक फरक मात्र आहे, आणि तिथं माझा कौल देवलांकडे आहे. ग्लुकचं कैरो हे बरंचसं वेशभूषेचं कैरो आहे. मोठा ढोल, झांजा, उंच पट्टीची बासरी यांनी पूर्वेचा भास उभा केला आहे. त्यामागून कोणी इजिप्तचा माणूस बोलत नाही. युरोपला पूर्व देश नटवायला हवा होता आणि तेवढ्यापुरता तो घेतला. देवलांनी पॅरिसची गोष्ट घेतली ती नटवायला घेतली नाही. पात्रांना नक्षत्रांची आणि महिन्यांची नावं दिली, नायकिणीचं घर आणलं, मराठी नवरा-बायकोचं भांडण आणलं, आणि सूर आपल्या रागांचे घेतले. परक्या नाटकात परकेपणाचा मागमूस उरला नाही. उसनं घेतलेलं कथानक आपलं करण्याचं हे काम मूळ कथानक रचण्याइतकंच अवघड आहे, असं मी मानतो.

सूर शब्दांचं काय करतात याचं आता एक उदाहरण, जे मला सर्वांत प्रिय आहे. अश्विनशेठच्या तोंडचं ‘मृगनयना’ हे पद. ते दरबारी कानड्यात आहे. राग म्हणजे काय, त्याचे स्वर कोणते, यात आज शिरत नाही. एवढंच लक्षात घ्या की दरबारी हा मध्यरात्रीचा, भारदस्त राग मानतात, आणि परंपरा त्याचं नातं तानसेनाशी आणि अकबराच्या दरबाराशी जोडते. यातला कोमल गंधार हा स्वर सरळ लागत नाही, संथपणे हेलकावत लागतो. प्रहसनात, स्त्रीसौंदर्याचं वर्णन करायला, एवढा गंभीर राग कशाला? एखादी चटकदार, ठुमकती चाल सहज शोभली असती. पण ती चाल लावली असती तर अश्विनशेठ हा नायकिणीच्या माडीवर येणाऱ्या शौकिनांपैकी एक ठरला असता. शब्द शृंगाराचे आहेत. दरबारी त्या शब्दांना आदराचं वजन देतो. या माणसाचं मन हलकं नाही, हे आपल्याला तिथं कळतं. म्हणूनच पुढं तो संशयानं कोसळतो तेव्हा किती उंचावरून कोसळला हेही कळतं. तो हेलकावणारा गंधार एकदा लक्ष देऊन ऐकलात की हे पद कधीच नुसतं ‘गोड गाणं’ राहणार नाही.

आणि म्हणूनच माझी एक तक्रार आहे. हीच पदं आपण नाटकातून उपटून ऐकतो. गायक आधी लांबलचक आलाप घेतो, मग शब्द येतात न येतात तोच ताना सुरू होतात, आणि पद कोण म्हणतंय, कोणाला म्हणतंय, आधी काय घडलं, याचा कोणालाच पत्ता नसतो. यावर रसिकांचं उत्तर मला माहीत आहे: नाटक कंपन्या बंद पडल्या तरी मैफलींनी, ध्वनिमुद्रिकांनी आणि आकाशवाणीनं ही पदं जिवंत ठेवली. हे उपकार खरे आहेत. ते नसते तर आज बोलायला विषयही उरला नसता. ज्याला केवळ सुरांचा आनंद हवा त्यानं तो जरूर घ्यावा. माझं म्हणणं इतकंच की नाट्यपद हे आधीच्या वाक्याला दिलेलं उत्तर असतं. प्रश्न न ऐकता उत्तर कितीही सुरेल ऐकलं तरी अर्धंच ऐकलं जातं. गायकानं पदाआधीचं एक वाक्य बोलून दाखवलं तरी ऐकणाऱ्याचं भलं होईल.

शेवटचा आक्षेप आपल्या हिंगोली भागातून येईल. औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वरला, पूर्णेच्या काठी शेतावर रेडिओ लावून बसलेला श्रोता म्हणेल, हे पुण्या-मुंबईचं, थिएटरचं गाणं. आमचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि जवळचा आहे. संगीत नाटकानं साकी, दिंडी, कामदा हे जे गायनप्रकार वापरले ते कीर्तनातून ओळखीचे झालेले होते. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हा पद आल्यावर कथा का थांबली, असं प्रेक्षकांनी विचारलं नाही, कारण कीर्तनानं त्यांचे कान आधीच तयार केले होते. संत नामदेवांचं नरसी याच हिंगोली जिल्ह्यातलं, तेव्हा कीर्तन इथं कोणाला नवं नाही. बुवा निरूपण थांबवून अभंग घेतात तेव्हा विषय थांबला असं इथला कोणताही माणूस म्हणणार नाही. जे सांगून पटणार नाही ते आता गाऊन पटवायचं आहे, हे त्याला ठाऊक असतं. रेवतीचं पद ऐकायला याहून वेगळी तयारी लागत नाही. शास्त्रीय संगीत शिकलेल्या, पण पदाच्या शब्दांकडे लक्ष न देणाऱ्या शहरी श्रोत्यापेक्षा कीर्तनाला बसणारा श्रोता या कलेच्या अधिक जवळ आहे, असं मी विचारपूर्वक म्हणतो.

तेव्हा श्रोतेहो, विनंती एवढीच. ‘संशयकल्लोळ’ पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा पूर्ण ऐका, गद्यासकट. पद सुरू झालं की हे कोण म्हणतंय आणि आत्ताच का म्हणतंय, हा प्रश्न मनात ठेवा. पहिल्यांदा शब्द ऐका, मग ते शब्द सुरांनी किती जड किंवा किती हलके केले ते ऐका. रेडिओवर तसबीर दिसत नाही, याची खंत बाळगू नका. त्या नाटकात तसबीर ज्यांना ज्यांना दिसली ते सगळे फसले. आपण नुसते ऐकणारे आहोत, त्यामुळे रेवती खरं बोलते आहे हे फाल्गुनरावाच्या आधी, अश्विनशेठच्याही आधी, आपल्याला कळू शकतं. मात्र त्यासाठी लक्ष देऊन ऐकावं लागतं.